पांढऱ्या झेंडीच्या मुंग्या

परदेशातला एखादा कोर्स केलाय का, असं कुठल्याही अर्जात विचारलेलं असलं की मी बेधडक 'हो' लिहिते आणि ठिकाणाच्या रकान्यात शेंदूरजनाघाट लिहिते. मुलाखत घेणारे चष्म्यावरून बघतात. पण त्यात खोटं काही नाही. एका थंड देशातल्या विद्यापीठातली बारा पोरंपोरी आणि त्यांच्या प्राध्यापक मॅडम दोन विमानं, एक रेल्वे आणि टपावर बॅगा बांधलेली एक गाडी असा प्रवास करून परदेशात पोचली, आणि तो परदेश म्हणजे वरुड तालुक्यातला संत्र्याचा बगीचा होता. इथल्या निसर्गाचा अभ्यास करायचा म्हणून त्यांनी महिनाभर आधीपासून सुया टोचून घेतल्या होत्या. आम्ही अमरावतीच्या कॉलेजातले चौघं त्याच कोर्सला जोडून दिलेले होतो. राजापेठच्या खोलीला कुलूप लावलं आणि एसटीने दुपारच्या जेवणापर्यंत त्याच परदेशात पोचलो.

आम्हाला नवलाई नव्हती, पण आमिष होतं. दहा दिवस संपले की आम्हा चौघांतून एकाला निवडून मॅडम उन्हाळ्यात आपल्या देशी नेणार होत्या. कोर्सचा दुसरा भाग तिकडे होता, दोन महिन्यांचा, आणि जाणं-येणं, राहणं-खाणं सगळं त्यांच्याकडे. त्या एका जागेसाठी मी हपापलेली होते, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे सबबी सांगत बसायला नको. निवड व्हायच्या आधीच मी पासपोर्ट काढून ठेवला होता. आमचं घर अकोल्याला, जुन्या शहरात. बाबा भिक्षुकी करतात. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसाला त्यांनी पाट मांडून पोहे खायला घातले होते. आईने तर गल्लीभर सांगून टाकलं की आमची पोरगी परदेशात मुंग्या मोजायला चालली. त्यावर शेजारच्या आजोबांनी फक्त एवढंच विचारलं, "काहून, इकडच्या मोजून झाल्या काय?"

फेब्रुवारी होता. अर्ध्या बगीच्यात मृग बहाराची संत्री झाडावर लटकत होती आणि अर्ध्यात आंबिया बहाराचा फुलोरा आला होता. बगीचेवाल्या काकांनी माल भरायला पत्र्याची नवी शेड बांधली होती, तिथे आमचा मुक्काम. एका बाजूला पोरं, पडद्याआड पोरी आणि मधोमध रिकाम्या कॅरेटवर फळी टाकून केलेलं टेबल. दिवसभर गोळा केलेली संपत्ती त्या टेबलावर यायची. एका परदेशी पोरीचा विषय होता साळिंदराची विष्ठा. ती लेंड्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवायची. काकू भाकरीची टोपली घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "उचल माय तुह्या वड्या, जेवाची वेळ झाली." ती पोरगी काय समजायची कोण जाणे, पण उचलायची.

काकूंना त्या पोरांची मनापासून काळजी वाटायची. भिंग घेऊन जो तो कुठे ना कुठे जमिनीवर उपडा पडलेला असायचा. "एवढ्या लांबून येऊन हे पोट्टे उपडेच काहून झोपून राहतात? तिकडं जागा नाही काय झोपाले?" असं त्या मला विचारायच्या. मी समजावून सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि त्या पोरांच्या डोक्याशी ताकाचा गडवा ठेवून जायच्या.

माझा विषय मुंग्या. जोडीला एक लांबच लांब परदेशी पोरगा दिला होता, जो पहिल्याच दिवशी उन्हाने बीटासारखा लाल झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. काम सोपं होतं. दोरी लावून बगीच्यात वीस चौकोन आखायचे. दहांमध्ये लाल झेंडी रोवायची, दहांमध्ये पांढरी. लाल झेंडीच्या चौकोनात रोज सकाळी नऊ वाजता कागदाच्या तुकड्यावर साखरेच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पांढऱ्या झेंडीच्या चौकोनात काहीच ठेवायचं नाही. तासाभराने दोन्हीकडच्या मुंग्या मोजायच्या. पांढरे चौकोन नुसते तुलनेसाठी, आणि त्यांना कोणी हात लावला की लाल चौकोनांतले आकडेही मातीमोल, हे मॅडमनी आम्हाला तीनदा बजावलं होतं.

दोऱ्या आणि झेंड्या बघून पहिल्याच दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने मोटारसायकल थांबवली. "ले-आऊट पडून राहिला काय? कोपऱ्याचा प्लॉट आहे काय एखादा?" मी म्हटलं, हे मुंग्यांसाठी आहे. त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि रस्त्याला लागून असतं तर बरं झालं असतं असं सांगून तो गेला. संध्याकाळपर्यंत आणखी दोघं येऊन चौकोन पायाने मोजून गेले. माझ्या लाल जोडीदाराला ते सगळे इथले शास्त्रज्ञ वाटले आणि त्याने त्यांच्याशी हात मिळवले.

काकूंना मात्र काहीच समजवावं लागलं नाही. "मुंग्यांले साखर घालून राहिली? लय चांगलं काम हाय बाप्पा!" मुंग्यांना साखर नाहीतर कणीक-साखर घालणं आमच्याकडे पुण्याचं काम. कोणाला साडेसाती असते, कोणाच्या पोराचं लग्न अडलेलं असतं, कोणी नुसतंच घालतं. एवढ्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतात हे बघून काकूंचा त्यांच्याविषयीचा आदर वाढला. पण पांढऱ्या झेंडीपाशी त्या अडल्या.

"अन् ह्यायले?"

"ह्यायले काही नाही, काकू. थ्या नुसत्या तुलनेसाठी हायेत."

"म्हणजे एकाच पंगतीत एकाले वाढाचं अन् दुसऱ्यानं नुसतं पाहात बसाचं?"

"तसंच."

"असं तर आमच्याकडे तेरवीलेबी नाही करत माय."

त्यांचं म्हणणं मला शब्द न् शब्द कळत होतं, हीच पंचाईत होती. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तूप आणि शेजारच्याच्या पानावर नाही, याला आमच्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि लग्नातलं बाकी सगळं विसरणारी माणसं तेवढं विसरत नाहीत. मॅडमचं सगळं शास्त्र त्या पंक्तिप्रपंचावर उभं होतं. मी काकूंकडून शब्द घेतला की पांढऱ्या झेंडीच्या वाटेला त्या जाणार नाहीत. तो त्यांनी पाळला, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझा पहिला संशय त्यांच्यावरच गेला.

बाबा आले ते तिसऱ्या दिवशी, आणि त्यांना आणलं काकांनी. मी अकोल्याच्या महाराजांची मुलगी आहे हे कळल्याबरोबर काकांनी माझ्याच फोनवरून बाबांना नव्या शेडच्या वास्तुशांतीचं आमंत्रण देऊन टाकलं. मी म्हटलं, "काका, शेडमधी आता बारा परदेशी अन् साळिंदराच्या लेंड्या हायेत." काका म्हणाले, "मंग तर जास्तच गरज हाय." बाबा पहाटेची गाडी धरून आले. वास्तुशांत यथासांग झाली. मॅडम सोवळं म्हणून काकूंची इरकल नेसून पाटावर बसल्या. होमाचा धूर पत्र्याखाली कोंडला तेव्हा माझ्या जोडीदाराने तो किती मिनिटांत बाहेर जातो ते घड्याळ लावून नोंदवलं.

जेवून बाबा निघतील असं मला वाटलं होतं. बाबा म्हणाले, एक दिवस राहतो, हवा चांगली आहे. मग हवा रोजच चांगली राहिली. सकाळी अंधार सरायच्या सुमाराला ते विहिरीवरच्या पंपाखाली आंघोळ करायचे आणि धोतर नेसून बगीच्यात एक फेरी मारून यायचे. परदेशी पोरांना त्यांचं फार कौतुक. दोघं त्यांच्याकडून मांडी घालून बसायला शिकले, एकाला उठता येईना तेव्हा काकांनी त्याला काखेत धरून उचललं. मला मात्र बाबा रोज एकच विचारायचे. "आज काय म्हणाल्या मॅडम? जमून राहिलं का तुझं?" मी म्हणायचे, जमून राहिलं. ते नुसती मान हलवायचे.

पहिले तीन दिवस आकडे शहाण्यासारखे आले. लाल झेंडीपाशी मुंग्याच मुंग्या, पांढरीपाशी वाट चुकलेल्या चारदोन. चौथ्या दिवशी पांढरीपाशीही बऱ्यापैकी दिसल्या. पाचव्या दिवशी पांढरीने लालला मागे टाकलं. जिथे आम्ही काहीच ठेवलं नव्हतं तिथे काळ्या मुंग्यांची रांगच रांग, आणि साखरेच्या थेंबापाशी दोन मुंगळे उगाच उभे. जोडीदाराने चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. आकडा वाढलाच. मी मॅडमना बोलावलं.

मॅडम उपड्या झाल्या. अर्धा तास भिंगातून पाहत राहिल्या आणि उठल्या तेव्हा त्यांच्या नाकाला काळी माती लागलेली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर तर्क मांडला. शेजारी साखर आहे हे मुंग्यांना कळतं, पण आपल्या वाट्याला ती नाही. म्हणून ज्यांना मिळाली नाही त्या जास्त हिंडतात, जास्त शोधतात, जास्त जमतात. असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं म्हणे. त्यांनी त्याला आशेचं काहीतरी नाव दिलं. मला ते ताबडतोब पटलं. राजापेठेत संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हा रस्त्यावर नोकरी लागलेला एकही दिसत नाही, न लागलेल्यांचीच गर्दी असते. मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले, आणि मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

आता जे सांगायचं माझ्या जिवावर येतं ते. सहाव्या दिवशी सकाळी एका पांढऱ्या झेंडीच्या बुडाशी मला चिमूटभर पांढरट पूड दिसली. काकांनी झाडांच्या खोडांना बोर्डोचा लेप लावला होता, त्यातला चुना सांडला असेल, असं मी मनाशी म्हटलं. चुना आणि कणीक यांतला फरक आमच्या घरच्या मांजरालाही कळतो. शिवाय चुन्याला मुंग्या लागत नाहीत, आणि हिला लागल्या होत्या. जोडीदार दहा पावलांवर पाठमोरा होता. मी वाकले आणि फुंकर मारली. पूड उडाली, तिच्यावरच्या मुंग्याही उडाल्या. उरलेल्या मी मोजल्या आणि आकडा वहीत लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

हे काकूंचंच काम, असं मला वाटलं. विचारलं असतं तर त्यांनी हो किंवा नाही सांगितलं असतं, आणि हो म्हणाल्या असत्या तर मला मॅडमकडे जावं लागलं असतं. म्हणून विचारलंच नाही. उलट त्या दिवसापासून मी काकूंशी जरा जास्तच गोड बोलायला लागले, आणि त्यांनी मला संत्र्याचा मुरंबा बांधून दिला.

सातव्या दिवशी मॅडमनी मला बाजूला बोलावून विचारलं, तुझ्याकडे जाड स्वेटर आहे का, आमच्याकडे जूनमध्येही थंडी असते. एवढंच. पण ते आमच्यातल्या बाकीच्या तिघांनी ऐकलं, आणि त्यातल्या पक्षी मोजणाऱ्या मैत्रिणीने त्या संध्याकाळी माझ्याशी न बोलता भांडी घासली. मी आईला फोन लावला. आई पलीकडून रडायला लागली आणि रडत रडतच तिने शेजारी हाक मारून बातमी दिली. बाबा बाजूलाच खुर्चीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "दोनच महिने न?" मी म्हटलं, हो. "मंग ठीक आहे," ते म्हणाले, आणि जेवायला उठले.

आठव्या दिवशी संध्याकाळी सिनेमा झाला. साळिंदरवालीने एका झाडाच्या बुंध्याला, अगदी खाली, कॅमेरा बांधून ठेवला होता. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढायचा. तिने त्यातलं कार्ड काढलं आणि शेडमध्ये चादर टांगून सगळ्यांना फोटो दाखवायला सुरुवात केली. काका-काकू पुढे बसले. बाबा मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर. पहिलं मुंगूस आलं, टाळ्या. मग साळिंदराची पाठ, खूप टाळ्या. मग गावातलं कुत्रं. पुन्हा तेच कुत्रं. आणि मग चादरीवर दोन गुडघे आले.

कॅमेरा खाली असल्यामुळे वरचा माणूस नव्हताच. धोतर, दोन गुडघे, खाली आलेला एक हात, बोटांची चिमूट आणि मागे पांढरी झेंडी. पुढच्या फोटोत तेच, पण दुसऱ्या दिवशीचं. त्याच्या पुढच्यात तेच. साळिंदरवालीने कोपऱ्यातली वेळ दाखवली आणि म्हणाली, हा जो कोणी आहे तो रोज ठरावीक वेळेला येतो, एकटा असतो आणि याची वाट ठरलेली आहे. माझा जोडीदार म्हणाला, दोन पायांचा आहे. मॅडमनी हसून विचारलं, कोणी ओळखतं का? मी म्हटलं, कोणी मजूर असेल, गवत काढत असेल. डाव्या गुडघ्यावरचा भाजल्याचा डाग मी लहानपणापासून बघत आले आहे. होमाच्या निखाऱ्याचा आहे तो.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, अगदी खूश होऊन. "अरे, हे तर मीच हाय!"

सगळे मागे वळले. मॅडमनी मला विचारलं, काय म्हणतात ते? त्या शेडमध्ये मराठी कळणारे सात जण होते. काका, काकू, बाबा, मी आणि माझे तिघं सोबती. त्या तिघांनाही तीच जागा हवी होती आणि एक वाक्य बोललं की माझा पत्ता कट होता. कोणी बोललं नाही. पक्षीवाली मैत्रीण खाली बघत संत्रं सोलत राहिली. मी मॅडमना म्हटलं, "ते म्हणतात, फोटो छान आलेत."

मॅडमनी बाबांना अंगठा वर करून शाबासकी दिली. बाबांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांच्या मागे मागे बगीच्यात गेले. त्यांनी पहिल्या पांढऱ्या झेंडीपाशी उभं राहून कनवटीची पुडी काढली. पुडीत कणीक आणि साखर.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"तुझ्यासाठीच. तुझी निवड व्हावी म्हणून." ते जराही दचकले नाहीत. "लाल झेंडीवाल्यायले तू घालतच होती. ह्या बिचाऱ्या उपाशी. म्हटलं, आपण ह्यायले घालू. तुझ्या कामाले धक्का नाही अन् पंक्तिप्रपंचबी नाही. तुझ्या लाल झेंडीले मी बोटबी लावलं नाही हां. तेवढं कळते मले."

मी तिथेच ओल्या वाफ्यात बसले आणि मला हसू फुटलं. वीस चौकोनांतले नेमके दहाच चौकोन बिघडवायचे होते आणि बाबांनी माझ्या कामाला जपत जपत तेच दहा निवडले होते. हसता हसता रडायला यायला लागलं. बाबांना वाटलं माझं मन भरून आलंय. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मग मी त्यांना सांगितलं की पांढऱ्या झेंडीला काहीच मिळायला नको होतं, तीच तर सगळी गंमत होती. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पुडी बंद केली, परत कनवटीला लावली आणि म्हणाले, "चल मॅडमकडे."

मॅडम दात घासत होत्या. मी सगळं सांगितलं, बाबा बाजूला पुडी घेऊन उभे. मॅडमनी चूळ भरली आणि मग त्यांनी विचारलं की बाबा एका चौकोनात किती घालायचे? बाबा म्हणाले, "चिमूट." मॅडमना चिमूट म्हणजे काय ते आकड्यात हवं होतं. शेडमधला नाजूक काटा आणला गेला. बाबांनी त्याच्यावर चिमूट टाकली. पुन्हा टाकायला लावली. दहा वेळा टाकायला लावली, आणि दहाही वेळा काटा त्याच जागी येऊन थांबला. चाळीस वर्षं अक्षता टाकणारा हात तो. मॅडमनी माझ्या जोडीदाराला साखरेच्या पाण्याचे दहा थेंब टाकायला सांगितले. त्याच्या थेंबांत दुपटीचा फरक निघाला. मॅडम म्हणाल्या, या संपूर्ण कोर्समध्ये एवढं काटेकोर काम कोणी केलेलं नाही. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी विचारलं, "मंग निवड होते का?"

मॅडमनी मला विचारलं, हे तुला कधीपासून माहीत होतं?

काल संध्याकाळपासून, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. बाबा कधी मॅडमच्या तोंडाकडे, कधी माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी आपली पुडी सगळ्यांदेखत उघडली होती, आणि मी माझी झाकून सुटणार होते. तेवढं मला झेपलं नाही. मी म्हटलं, सहाव्या दिवसापासून, आणि फुंकर मारल्याचं सांगितलं.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं की तुझ्या वडिलांची चूक मी वहीत लिहून दुरुस्त करू शकते, तुझी कशी करू? दहाव्या दिवशी त्यांनी पक्षीवाल्या मैत्रिणीचं नाव जाहीर केलं. मी टाळ्या वाजवल्या. मनातून मला तिचे केस ओढावेसे वाटत होते, आणि तिने येऊन मला मिठी मारली तेव्हा तर जास्तच.

निघताना बाबा मॅडमसमोर गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान पकडले आणि मान खाली घालून उभे राहिले. मॅडमना वाटलं, ही इकडची निरोपाची रीत. त्यांनीही आपले कान पकडले. ते बघून बारा पोरांनी कान पकडले. काकूंनी मला विचारलं, "ह्यायनं काय केलं?" बाबा मात्र मान वर करेनात, म्हणून मॅडमही करेनात, आणि गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. शेवटी मी दोघांचे हात खाली केले.

वरुडहून अमरावतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मॅडमशी माझं बोलणं झालं ते इंग्रजीत. त्यामुळे जागा आपल्या कणकेपायी गेली असं बाबांना वाटत होतं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं होतं. मला राग आलेला होता आणि तो ठेवायला बाबांशिवाय कोणी नव्हतं. मोर्शी येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मोर्शीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "एक सांगू काय?"

"सांगा."

"पहिल्या दिवशी मी पुरा संकल्प म्हटला. गोत्र, तुझं नाव, तुझी निवड होवो, सगळं. दुसऱ्या दिवशी तुझ्या नावापर्यंत आलो अन् पुढचं तोंडातून निघेचना. तवापासून नुसतीच साखर घातली." गाडीत फुटाणेवाला चढला, तो पुढे सरकेपर्यंत ते थांबले. "अन् त्या दुसऱ्या पोरीचं नाव घेतलं न त्या बाईनं, तवा मले बरं वाटलं. तू टाळ्या वाजवून राहिली होती अन् मले बरं वाटून राहिलं होतं. बाप हाय मी तुझा."

माझ्या तोंडात फार वाईट काहीतरी आलं होतं. ते मी गिळलं, कारण बाबांनी मांडीवरच्या धोतराची चिमूट धरली होती आणि ती ते सोडत नव्हते. मी म्हटलं, "बाबा, जागा तुमच्यानं नाही गेली. माझ्यानं गेली." आणि सहाव्या दिवसाचं सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "फुंकर मारली?"

"हो."

"मुंग्या होत्या त्याच्यावर?"

"होत्या."

गाडी स्टँडच्या बाहेर पडली, रस्त्याला लागली.

"ह्या मॅडम पुढल्या वर्षी येतात काय पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"येतो म्हणाल्या."

"मंग अर्ज भर तू पुन्हा." थोड्या वेळाने त्यांनी माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी नाही येत. संकल्प घरूनच करीन. पुरा करीन."